रायफलच्या पुंगळ्यांसाठी परवडणारा केस ट्रिमर: अमेरिकेत रिलोडिंग सुरू करणाऱ्यांसाठी

ग्रीन कार्ड हातात आलं, रायफल घेतली, शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जायची सवय लागली, की काही महिन्यांतच काडतुसांचं बिल डोळ्यांवर येतं. मग कुणीतरी सांगतं, झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या फेकू नकोस, घरी पुन्हा भर. यालाच रिलोडिंग म्हणतात. प्रेस, डाय, तराजू यांच्याबद्दल माहिती भरपूर मिळते. खरा गोंधळ उडतो तो ट्रिमर घेताना. दुकानात वीस डॉलरचा असतो आणि पाचशेच्या वरचाही असतो. काम दोघांचं एकच, पुंगळीचं तोंड ठरलेल्या लांबीला कापणं. मग पैसे नेमके कशाचे द्यायचे? मी या वाटेने गेलो आहे, तेव्हा कुठे हात आखडता घ्यावा आणि कुठे घेऊ नये हे ओळीने सांगतो.

पावडर किती भरायची वगैरे या लेखात काही नाही. ते छापील रिलोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यायचं, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

१. खरेदीच्या आधी कायदा

ट्रिमर हे निव्वळ अवजार आहे, कुणीही विकत घेऊ शकतं. पण त्यात जी पुंगळी बसवायची, तिचं तसं नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात ‘अ‍ॅम्युनिशन’ या शब्दात भरलेलं काडतूस तर येतंच, शिवाय सुटी पुंगळी, प्रायमर (तळाशी बसणारी, ठिणगी पाडणारी छोटी टोपी), बुलेट (पुढे उडणारा गोळीचा भाग) आणि पावडरही येते. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा अ‍ॅम्युनिशन जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. काही अपवाद आहेत. एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना असणं हा त्यातला सगळ्यांत ठाऊक असलेला. पण नुसतं ऐकून त्या अपवादावर विसंबू नका, व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा. ‘पुंगळ्या रिकाम्याच तर आहेत’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, आणि पणाला लागतो तो तुमचा इमिग्रेशनचा सगळा प्रवास.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल, कायद्याने दुसरी कुठली मनाई नसेल, तर स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही. विकायला लागतो, म्हणून मित्राला पैसे घेऊन भरून देणं टाळा. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ, इलिनॉयमध्ये अ‍ॅम्युनिशन बाळगायलाही रहिवाशाकडे फॉइड कार्ड (राज्याने दिलेलं बंदूकधारकाचं ओळखपत्र) असावं लागतं. आपल्या राज्याचा नियम स्वतः वाचून घ्या.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. रेंजवर नेलेली बॅग घेऊन भारतात जाऊ नका. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात अ‍ॅम्युनिशनच्या सुट्या भागांचाही समावेश आहे, आणि परवान्याशिवाय काडतुसं तयार करता येत नाहीत. विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस निघालं तरी गुन्हा दाखल होतो. आई-बाबांना भेटायला निघालेल्या माणसाची सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाऊ नये. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती कधीच प्रवासाला वापरू नका.

२. पुंगळी वाढते म्हणजे काय होतं

गोळी झाडली की दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलमध्ये काडतूस बसतं त्या जागेच्या भिंतीला टेकते. पुढच्या वेळी तिला सायझिंग डायमधून काढून पुन्हा मापात आणावं लागतं. या दोन्हींत पितळ पुढे, म्हणजे तोंडाकडे सरकत जातं. दर फेरीला लांबी इंचाच्या काही हजाराव्या भागांनी वाढते.

ही वाढ डोळ्यांना दिसत नाही, पण ती धोक्याची आहे. लांब झालेल्या पुंगळीचं तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि बुलेटभोवती आवळलं जातं. बुलेट सहज सुटत नाही आणि चेंबरमधला दाब मर्यादेबाहेर चढतो. पावडर अगदी मॅन्युअलप्रमाणे मोजून घातलेली असली तरीही. म्हणून ट्रिमर हा नेमबाजी सुधारण्यासाठीचा चोचला नाही. बाटलीच्या आकाराच्या रायफल पुंगळ्या भरायच्या तर तो हवाच.

पिस्तुलाच्या सरळ भिंतीच्या पुंगळ्या मात्र सहसा वाढत नाहीत. फक्त ९ मिलिमीटर भरणार असाल तर ट्रिमर घ्यायची घाई नाही. आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांना रायफल म्हटलं की कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिसचं कांस्यपदक आठवतं. ती ५० मीटरची .२२ रिमफायर. रिमफायरमध्ये पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ती पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. तुमच्याकडे फक्त .२२ असेल तर हा सगळा खर्चच वाचला.

३. दोन आकडे कागदावर लिहा

प्रत्येक काडतुसाला दोन लांब्या असतात. एक कमाल लांबी, जिच्यापुढे पुंगळी जाता कामा नये. दुसरी ट्रिमची लांबी, जिथपर्यंत कापायचं. दोन्हींत साधारण ०.०१० इंचाचं, म्हणजे पाव मिलिमीटरचं अंतर असतं. नेहमी लागणारे आकडे असे:

.२२३ रेमिंग्टन: कमाल १.७६० इंच, ट्रिम १.७५०
.२४३ विंचेस्टर: कमाल २.०४५, ट्रिम २.०३५
६.५ क्रीडमूर: कमाल १.९२०, ट्रिम १.९१०
.३०८ विंचेस्टर: कमाल २.०१५, ट्रिम २.००५
.३०-०६ स्प्रिंगफील्ड: कमाल २.४९४, ट्रिम २.४८४

हे आकडे स्वतःच्या मॅन्युअलमध्ये एकदा पडताळून घ्या आणि चिठ्ठी बेंचसमोर चिकटवा. ट्रिमच्या लांबीपेक्षा एक-दोन हजारांश कमी कापलं गेलं तर काही बिघडत नाही. कमाल लांबीच्या पुढे एक हजारांशही चालवून घेऊ नका.

४. पहिला खर्च व्हर्निअरवर

नवी मंडळी इथेच उलटं करतात. महागडा ट्रिमर आणि मोजायला हार्डवेअरच्या दुकानातलं सगळ्यांत स्वस्त प्लॅस्टिकचं कॅलिपर! ट्रिमर कितीही भारी असला तरी तो बरोबर कापतोय का हे सांगणार व्हर्निअर, म्हणजे लांबी मोजायचं कॅलिपरच. स्टीलच्या जबड्यांचं, इंचाचा हजारावा भाग दाखवणारं घ्या. डिजिटल असो की डायलवालं, ३० ते ४० डॉलरमध्ये कामाला येईल असं मिळतं. दर वेळी जबडे पुसून, मिटवून शून्य आहे ना ते बघायचं. डिजिटलची बॅटरी उतरायला लागली की आकडे भरकटतात, जादा बॅटरी ड्रॉवरमध्ये ठेवा. पुंगळी जबड्यांत सरळ उभी धरायची आणि हळूच फिरवून सगळ्यांत लहान येणारा आकडा घ्यायचा.

५. किती पुंगळ्या, किती कॅलिबर

ट्रिमर निवडताना मी फक्त हे दोन प्रश्न विचारतो. महिन्याला किती पुंगळ्या कापायच्या? आणि किती वेगवेगळ्या काडतुसांच्या?

बोल्ट अ‍ॅक्शनची एक .३०८, महिन्याकाठी पन्नासेक पुंगळ्या, हा एक माणूस. एआर-१५ या सेमी-ऑटोमॅटिक रायफलमधून दर शनिवारी दोन-तीनशे .२२३ झाडणारा हा दुसरा. शिकारीसाठी .२४३, रेंजसाठी ६.५ क्रीडमूर आणि सासऱ्यांनी दिलेली जुनी .३०-०६ असणारा तिसरा. तिघांना तीन वेगळे ट्रिमर लागतात, आणि तिघांनाही शंभर-सव्वाशे डॉलरच्या आत भागवता येतं. दुकानदार किंवा रेंजवरचे अनुभवी लोक स्वतःकडे जे आहे तेच सुचवतात, आणि त्यांचा आकडा तुमच्या आकड्याच्या दहापट असू शकतो. म्हणून हे दोन आकडे मनाशी पक्के करूनच दुकानात शिरा.

६. ट्रिमरचे प्रकार, स्वस्तापासून वर

*ली कंपनीचा पिनवाला ट्रिमर.* सगळ्यांत स्वस्त, आणि माझ्या मते नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. यात दोन वस्तू वेगवेगळ्या घ्याव्या लागतात: कटर आणि लॉक स्टड ही जोडी एकदाच, आणि लांबीचा गेज व शेलहोल्डर (पुंगळीचा तळ धरणारा तुकडा) ही जोडी प्रत्येक काडतुसासाठी वेगळी. पहिल्या कॅलिबरला मिळून साधारण २० ते २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला दहाच्या आसपास. कामाची रीत सोपी आहे. लॉक स्टड ड्रिलच्या चकमध्ये धरायचा, त्यात शेलहोल्डर आणि पुंगळी आवळायची, आणि कटरला जोडलेला गेज पुंगळीच्या तोंडातून आत घालायचा. गेजच्या टोकाची पिन तळाच्या फ्लॅश होलमधून (प्रायमरची ठिणगी आत येते त्या भोकातून) खाली जाऊन टेकली की कटर पुढे जाऊच शकत नाही. लांबी पिनमध्येच ठरलेली असल्यामुळे जुळवणीची भानगड नाही आणि चुकीला जागा फार कमी.

मर्यादा दोन. लांबी बदलता येत नाही, आणि पिनला फ्लॅश होल मिळालंच पाहिजे. परदेशी लष्करी मालातल्या बर्डन प्रायमरच्या पुंगळ्यांना मध्यभागी एक भोक नसतं, बाजूला दोन असतात. तिथे हा ट्रिमर चालतच नाही. लापुआच्या ६.५ क्रीडमूरसारख्या लहान प्रायमरच्या पुंगळ्यांचं फ्लॅश होल नेहमीच्या २ मिलिमीटरऐवजी १.५ मिलिमीटरचं असतं. त्यात पिन दाबून घुसवू नका, अडकते. पुंगळीतून प्रायमर आधीच काढलेला हवा हे ओघानेच आलं.

*छोट्या लेथसारखा हाताचा ट्रिमर.* लायमन, आरसीबीएस, फॉर्स्टर, हॉर्नडी, रेडिंग या सगळ्या कंपन्यांचे या जातीचे ट्रिमर आहेत. पुंगळीच्या तळाची कड एका टोकाला पकडायची, दुसरीकडून मूठ फिरवायची. कटरच्या टोकावरचा पायलट पुंगळीच्या गळ्यात जाऊन तिला मध्यावर धरतो. साधारण ८० ते १३० डॉलर. तीन-चार कॅलिबर असतील तर हाच घ्या, कारण पायलट बुलेटच्या व्यासाप्रमाणे लागतो. ३० कॅलिबरचा एकच पायलट .३०८ लाही चालतो आणि .३०-०६ लाही. नवं कॅलिबर आलं तर बहुधा नुसत्या नव्या पायलटवर निभावतं, काही मॉडेलना कॉलेट (पुंगळी आवळणारी पकड) किंवा शेलहोल्डरही बदलावा लागतो.

यातही पकड कुठली हे बघून घ्या. पुंगळीच्या कडेला पकडणाऱ्या ट्रिमरमध्ये कड वाकडी-तिकडी असेल तर लांबीत एक-दोन हजारांशाचा फरक पडतो. सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी बाहेर खेचणारा आकडा, कडेला ओरखडे पाडतो, तिथे हे जास्त जाणवतं. एल. ई. विल्सनचा ट्रिमर पुंगळीचं अंगच होल्डरमध्ये बसवतो. अचूकतेत त्याचं नाव फार चांगलं आहे, पण प्रत्येक जातीच्या पुंगळीला वेगळा होल्डर लागतो. बेंचरेस्टच्या (टेबलावर रायफल टेकवून करायच्या अचूक नेमबाजीच्या) वाटेला जाणार असाल तर त्याचा विचार करा, एरवी नको.

मूठ फिरवून पन्नास पुंगळ्या आरामात होतात. दोनशे झाल्या की मनगट बोलायला लागतं. बऱ्याच मॉडेलना मूठ काढून ड्रिल जोडायची सोय मिळते, घेतानाच विचारा.

*खांद्यावर टेकणारा ट्रिमर.* पेन्सिल शार्पनरमध्ये जशी पेन्सिल, तशी यात पुंगळी हाताने आत सरकवायची. पुंगळीचा खांदा, म्हणजे ती गळ्याकडे निमुळती होते तो भाग, ट्रिमरच्या आतल्या चेंबरला टेकला की थांबते, ड्रिलवर फिरणारा कटर तोंड कापतो, काही सेकंदांत काम झालं. लिटल क्रो गनवर्क्सचा वर्ल्ड्स फायनेस्ट ट्रिमर हा यातला सर्वांत चर्चेतला, ८० डॉलरच्या आसपास. पॉसम हॉलोचा याहून स्वस्त आहे आणि हातानेही चालतो. जिरोचा ट्राय-वे थोडा महाग, पण एकाच पात्याने लांबी कापणं आणि तोंडाच्या आतली-बाहेरची बर (कापताना उठलेली खरबरीत कड) काढणं, तिन्ही कामं करतो. एआरसाठी शेकड्यांनी .२२३ कापणाऱ्याला मी सरळ हाच प्रकार सुचवतो. ट्राय-वेसाठी जास्त दिलेले पैसे वेळेत वसूल होतात, कारण खरा वेळ कापण्यात जातच नाही, तो बर काढण्यात जातो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हा ट्रिमर लांबी खांद्यापासून मोजतो, तळापासून नाही. खांदा मागेपुढे झाला तर एकूण लांबीही तेवढीच मागेपुढे होते. म्हणून आधी सगळ्या पुंगळ्या एकाच सेटिंगने फुल-लेंथ साईझ केलेल्या, म्हणजे डायमधून खांद्यासकट पूर्ण मापात आणलेल्या हव्यात. रेंजवरून उचललेल्या, वेगवेगळ्या रायफलींतून आलेल्या पुंगळ्या साईझ न करता यात घातल्या तर प्रत्येकीची लांबी वेगळी येईल.

*मोटरवाले आणि प्रेसवरचे.* फ्रँकफर्ड आर्सेनलचं ट्रिम आणि प्रेप सेंटर, जिरोचा मोटरवाला, डिलनचा प्रेसवर बसणारा. छान यंत्रं आहेत, पण पहिल्या वर्षात यांची गरज नाही.

७. बेंचवर लागणारं सामान

ट्रिमर आणि व्हर्निअर सोडून: छापील रिलोडिंग मॅन्युअल, आतून-बाहेरून बर काढायचं चॅम्फर टूल, सायझिंगचं वंगण पुसायला कापड किंवा टम्बलर (पुंगळ्या घुसळून साफ करणारं यंत्र), नायलॉनचा छोटा ब्रश, संरक्षक चष्मा, वही आणि बारीक टोकाचा मार्कर. ड्रिल घरी असेल तेच चालेल, फक्त त्याचा वेग कमी करता आला पाहिजे.

पितळेचा कीस उडतो, म्हणून चष्मा सक्तीचा. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, त्यामुळे हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करायचं नाही. उठल्यावर हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

८. पहिल्यांदा कापताना

क्रम असा: प्रायमर काढा, पुंगळ्या स्वच्छ करा, वंगण लावून साईझ करा, वंगण पुसा, मग मोजा आणि मगच कापा. साईझ करण्याआधी मोजलेल्या लांबीवर विसंबू नका, कारण सायझिंगमध्येच पुंगळी लांबते. ‘मोजलं तेव्हा बरोबर होती’ असं म्हणणाऱ्यांचं बहुतेकदा इथेच चुकलेलं असतं.

एकाच कंपनीच्या शिक्क्याच्या पुंगळ्या एकत्र घ्या. लांबी जुळवता येणारा ट्रिमर असेल तर पहिली पुंगळी मुद्दाम थोडी लांब ठेवून कापा, मोजा, कटर किंचित पुढे घ्या, परत कापा. ट्रिमच्या आकड्यावर आलात की स्क्रू घट्ट आवळा आणि आणखी दोन पुंगळ्या कापून खात्री करा. बरोबर लांबीची एक पुंगळी मार्करने खूण करून कायमची बाजूला ठेवा, पुढच्या वेळी तिच्यावरून कटर दोन मिनिटांत जुळतो.

ड्रिल सावकाश चालवा, जोर लावू नका. कीस पडायचा थांबला की काम झालं. दर दहा-पंधरा पुंगळ्यांमागे एक मोजत राहा. खांद्यावर टेकणाऱ्या ट्रिमरच्या चेंबरमध्ये कीस किंवा वंगण साचलं की पुंगळी पूर्ण आत बसत नाही आणि मग ती कमी कापली जाऊन लांब राहते, हे मोजल्याशिवाय कळत नाही. तेव्हा ब्रश मारून तो चेंबर साफ ठेवा.

कापून झालं की तोंडाच्या आतून-बाहेरून चॅम्फर टूल दोन-तीन वेळा हलकेच फिरवा. आतली कड नुसती मोडायची आहे. जोर लावून तोंडाला सुरीसारखी धार आणलीत तर तिथलं पितळ पातळ होतं आणि पुढे चिरतं.

९. कापलेलं पितळ आलं कुठून?

हे फार कमी लोक नव्या माणसाला सांगतात. तोंडाकडून जे पितळ तुम्ही कापता ते पुंगळीच्या अंगातूनच पुढे आलेलं असतं, आणि त्यातलं बरंचसं तळाच्या जरा वरच्या भिंतीतून. म्हणजे दर ट्रिमगणिक ती भिंत पातळ होत जाते. एक दिवस पुंगळी तिथूनच तुटते, तळ बाहेर येतो आणि उरलेलं नळकांडं चेंबरमध्ये राहतं. उलट आलेला गरम वायू डोळ्यांपर्यंत येऊ शकतो.

म्हणून वहीत पुंगळ्यांच्या प्रत्येक लॉटला (एकत्र ठेवलेल्या गटाला) ट्रिम किती वेळा केलं ते लिहा. कागदाच्या क्लिपची तार सरळ करून तिचं टोक किंचित वाकवा आणि पुंगळीच्या आत भिंतीवरून तळाकडून वर ओढा. तळाजवळ खाचेत अडकल्यासारखं वाटलं, किंवा बाहेरून तिथे चमकती गोल रेघ दिसली, तर ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका. चार-पाच वेळा ट्रिम झालेला लॉट अनेक जुनेजाणते रिलोडर तसाच बाद करतात. नव्या माणसाने हाच नियम धरावा असं मला मनापासून वाटतं. आणि दर फेरीला तुमच्या पुंगळ्या फारच वाढत असतील तर सायझिंग डाय खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलतोय का, ते आधी तपासा.

१०. जुना ट्रिमर घेताना

लेथच्या जातीचे ट्रिमर पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. गन शोमध्ये किंवा एखाद्या निवृत्त शिकाऱ्याच्या गराज सेलमध्ये ते अर्ध्या किमतीला मिळू शकतात. घेताना कटरची धार नखावर बघा, मूठ फिरवताना शाफ्ट डगमगतो का ते बघा, आणि पायलट कुठले सोबत आहेत ते मोजून घ्या. पायलट वेगळे घ्यायचे झाले तर स्वस्तातला सौदा पटकन महाग होतो. कटर बोथट असेल तर हरकत नाही, चालू मॉडेलचा नवा कटर सहज मिळतो. मात्र बंद पडलेलं मॉडेल असेल तर त्याचे पायलट आणि कॉलेट अजून कुणी बनवतं का हे पैसे देण्याआधी शोधून बघा.